रकान्याचं नाव फक्त ‘नायट्रेट’

नदीच्या पाण्याच्या नऊ वर्षांच्या नोंदी आम्ही सर्वांसाठी खुल्या केल्या, तेव्हा काम मार्गी लागलं असं मला वाटलं होतं. दर महिन्याला सहा ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरायचं, तपासून घ्यायचं, आकडे एक्सेलमध्ये टाकायचे. हे सगळं एका फाइलीत आणून मी ती अपलोड केली. दोन महिन्यांनी एका अनोळखी अभ्यासकाचा ईमेल आला. एकच प्रश्न होता: तुमचे आकडे नायट्रेटचे आहेत की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचे?

मला उत्तर देता येईना.

प्रयोगशाळा नायट्रेट दोन तऱ्हांनी कळवतात. कुणी अख्ख्या नायट्रेट आयनाचं वजन धरतं, कुणी त्यातल्या फक्त नायट्रोजनचं. एकक दोन्हीकडे मिलिग्रॅम प्रति लिटरच, आकड्यांत मात्र सुमारे ४.४३ पटींचा फरक. आमच्या एका ठिकाणी १२ अशी नोंद होती. ती नायट्रेटची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या ५० या मर्यादेपेक्षा खूपच खाली. नायट्रोजनची असेल तर नायट्रेट म्हणून तीच नोंद ५३ होते, मर्यादेच्या वर. आमच्या रकान्यावर फक्त ‘नायट्रेट’ लिहिलेलं होतं.

मग जुने कागद काढले. प्रयोगशाळेचे मूळ अहवाल, वह्या, बिलंसुद्धा. तीन आठवडे त्यात गेले. सहाव्या वर्षी आम्ही प्रयोगशाळा बदलली होती. पहिली नायट्रेट कळवत होती, दुसरी नायट्रोजन. दुसरीच्या अहवालावर तसं स्पष्ट छापलेलं होतं, आम्ही आकडा तेवढा उचलला होता. आमच्या आलेखात त्याच वर्षी सहाही ठिकाणची रेषा एकदम खाली आलेली दिसते, आणि ती दाखवून आम्ही लोकांना नदी सुधारतेय असं सांगितलं होतं. ही गोष्ट मला फार लागली. ज्यांना तसं सांगितलं होतं त्यांना आधी कळवलं, मगच पुढच्या कामाला हात घातला.

आता प्रत्येक रकान्याकडे मी संशयानं बघायला लागले. न घेतलेल्या नोंदींच्या जागी -९९९ होतं. हे माहीत नसलेल्या माणसानं पंचवीस अंशांच्या आसपास असणाऱ्या पाण्याच्या तापमानाची वर्षाची सरासरी काढली, तर एकाच चुकलेल्या महिन्यामुळे ती उणे साठच्या घरात जाते. त्या जागा रिकाम्या ठेवल्या आणि रिकामं म्हणजे काय ते लिहिलं. काही ठिकाणी शून्य होतं, त्याचा खरा अर्थ ‘यंत्राला मोजता येईल त्यापेक्षा कमी’ असा होता. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळ नको म्हणून तारखा वर्ष-महिना-दिवस अशा केल्या. अक्षांश-रेखांश कुणीतरी अंश आणि मिनिटांत घेऊन दशांशात असल्यासारखे भरले होते. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, तिथे ०.३० लिहिलं की ०.२ अंशांची चूक होते आणि उत्तर-दक्षिण दिशेला जागा २२ किलोमीटर सरकते. आमचा नदीकाठचा एक घाट नकाशावर डोंगरात दिसत होता, तो यामुळे.

एवढं झाल्यावर सापडण्याचा प्रश्न उरला. फाइलीचं नाव होतं ‘अंतिम नवीन २’. ते कोण कशाला शोधेल? डेटा इतरांना वापरता यावा म्हणून २०१६ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘फेअर’ तत्त्वांत डेटा सापडण्याजोगा असणं हे पहिलं आहे, ते उगाच नाही. शीर्षकात काय मोजलं, कुठे, कोणत्या वर्षांत, हे तिन्ही आणलं. फाइल सीएसव्ही, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारी साधी मजकूर-फाइल केली आणि सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या ‘झेनोडो’ या खुल्या संग्रहात ठेवली. तिथे डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो, आणि पानावरची माहिती शोधयंत्रांना वाचता येईल अशा साच्यात जाते. परवाना सीसी बाय ४.० दिला: नाव द्या आणि खुशाल वापरा.

वर्णन मात्र चार वेळा लिहावं लागलं. तिसरा खर्डा मी एका शिक्षिका मैत्रिणीला वाचायला दिला. ती म्हणाली, “अगं, शब्द कळले सगळे, पण विरघळलेला ऑक्सिजन ३ म्हणजे चांगलं की वाईट?” प्रश्न अगदी बरोबर होता. मग प्रत्येक रकान्यापुढे एक साधं वाक्य घातलं. त्या ऑक्सिजनपुढे आता असं आहे: पाण्यात मिसळलेला, माशांच्या श्वासासाठी लागणारा ऑक्सिजन, लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की अनेक माशांना त्रास होऊ लागतो, दुपारी जास्त, पहाटे कमी असतो, म्हणून नमुन्याची वेळही पाहा. आम्ही काय मोजलं नाही, तेही लिहिलं: कीटकनाशकं नाहीत, जड धातू नाहीत. ही दोन वाक्यं मला बाकी सगळ्याइतकीच महत्त्वाची वाटतात, कारण ती नसती तर ‘यात काही सापडलं नाही’ असं कुणीही वाचलं असतं.

चौदा नोंदींचा मूळ अहवाल शेवटपर्यंत मिळाला नाही. त्या काढून टाकाव्यात असं आमच्यातल्या दोघांचं मत होतं. मी त्या ठेवल्या, आणि शेजारी नवा रकाना केला: ‘एकक अनिश्चित’. मग त्या अभ्यासकाला उत्तर पाठवलं. आठवड्याभरात त्यांचा पुन्हा ईमेल आला: पाचव्या ठिकाणाचा रेखांश अजूनही चुकलेला आहे. तपासलं, खरंच होता. आवृत्ती २ त्याच दिवशी चढवली.