त्याची सही चालेल का?

जेवणाच्या सुट्टीत आज एक ज्येष्ठ सहकारी सहज बोलून गेले, "ज्याला देवाची भीती नाही, त्याच्या सहीवर मी ड्रॉइंग पुढे पाठवणार नाही." रोख कोणावर होता ते सगळ्यांनाच कळलं. आमच्या इंजिनिअरांच्या गटात उघडपणे नास्तिक म्हणवणारा एकच आहे, आणि भाराची गणितं पुन्हा तपासल्याशिवाय तो कधी सही करत नाही.

मी स्वतः आस्तिक. प्रार्थनेशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं. देवाची भीती आमच्या कामात नेमकी कुठे लागते? वेल्डमधली भेग अल्ट्रासोनिक चाचणीत दिसते. एकाचं गणित दुसरा तपासतो, कारण चूक कोणाच्याही हातून होते, भाविकाच्याही.

जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने १९१४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं होतं, की प्रार्थना ऐकणारा देव तुम्ही मानता का? सुमारे ४० टक्के हो म्हणाले. एडवर्ड लार्सन आणि लॅरी विदम यांनी १९९६ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हाही आकडा जवळपास तेवढाच निघाला. (तिथल्या निवडक शास्त्रज्ञांच्या संस्थेत, नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या सभासदांमध्ये, मात्र तो ७ टक्क्यांच्या आसपास होता.) म्हणजे प्रयोगशाळेत मानणारे आणि न मानणारे शेजारी शेजारी बसूनच काम करत आले आहेत. कोणाचं मोजमाप खरं, हे त्यावरून कधी ठरलं नाही.

मला राहून राहून अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे दोन भौतिकशास्त्रज्ञ आठवतात. सलाम श्रद्धाळू मुसलमान, नोबेलच्या मेजवानीतल्या भाषणातही कुराणातल्या ओळी म्हणणारे. वाइनबर्ग कट्टर नास्तिक. विद्युतचुंबकी बल आणि (काही प्रकारच्या किरणोत्सर्गामागचं) दुर्बल बल यांना एकत्र बांधणाऱ्या एकाच सिद्धांताशी दोघं स्वतंत्रपणे पोहोचले. १९७९ चं नोबेल दोघांनी शेल्डन ग्लॅशो यांच्यासह वाटून घेतलं. त्या सिद्धांताने सांगितलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत सापडले, तेव्हा दोघांचंही म्हणणं सारखंच खरं ठरलं.

तुच्छभाव दुसऱ्या बाजूनेही येतो. देव मानतो म्हटलं की समोरच्याची बुद्धीच कमी धरणारे तरुण इंजिनिअर मी पाहिले आहेत. तेही मला तितकंच खुपतं. पण आज बोलणारा माणूस माझ्या बाजूचा होता, तेव्हा बोलण्याची जबाबदारीही माझीच.

जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू. शिक्षणाची सुरुवात सिव्हिल इंजिनिअरिंगने केलेले. विश्व प्रसरण पावतं, हे त्यांनी १९२७ साली मांडलं. पुढे पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये नव्या विश्वशास्त्राचा संबंध ईश्वराच्या निर्मितीशी जोडला, तो लमेत्रना रुचला नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, नास्तिकाला तो देव नाकारायला मोकळा ठेवतो, असं ते सांगत राहिले. एका धर्मगुरूने न मानणाऱ्यासाठी एवढी जागा राखली, याचं मला त्यांच्या समीकरणांइतकंच मोल वाटतं.