तुर्की नोंदवही, सातवा आठवडा: शेपटीची ‘सी’ आणि मधला ‘न’

या आठवड्यात एकही नवा शब्द पाठ केला नाही. सगळे दिवस नामांच्या जोड्यांना दिले.

‘ओकुल’ म्हणजे शाळा, ‘बाह्चे’ म्हणजे बाग, आवार. शाळेचं आवार, कुठल्याही शाळेला असतं तसं, ‘ओकुल बाह्चेसी’. ठरावीक शाळेचं असेल तर षष्ठी पहिल्या नामालाही लागते: ‘ओकुलुन बाह्चेसी’. आपला ‘चा-ची-चे’ मालकाला चिकटतो. इथे मालकीच्या वस्तूवरही खूण हवी. स्वरानंतर ‘सी’, व्यंजनानंतर नुसता स्वर. ती गाळली की अर्थ फिरतो. ‘कादन दोक्तोर’ म्हणजे डॉक्टरीणबाई, पण ‘कादन दोक्तोरू’ म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, मग तो पुरुष का असेना! ‘ताश क्योप्र्यु’, दगडी पूल, याला मात्र काही लागत नाही. दगड तिथे विशेषणासारखा वागतो.

खरी अडचण पुढची. ‘कुले’ म्हणजे बुरूज; बुरुजाकडे ‘कुलेये’, बुरुजात ‘कुलेदे’. म्हणून मी बिनधास्त ‘गालाता कुलेसीये गिदियोरुम’ लिहिलं. चूक. इस्तंबूलमधल्या त्या १३४८च्या बुरुजाकडे जायचं तर ‘गालाता कुलेसीने’, आत असाल तर ‘कुलेसीन्दे’, तिथून निघालात तर ‘कुलेसीन्देन’. ‘सी’ आणि विभक्ती यांच्यामध्ये ‘न’ येतोच. मला हे आपल्या सामान्यरूपाजवळचं वाटलं. आपण ‘मुलगाला’ म्हणत नाही, आधी ‘मुलग्या’ करतो, मग ‘ला’. प्रत्यय लागण्याआधी शब्दाने तयार व्हायचं, ही सवय आपल्याला बाळपणापासून आहे. त्याच कानाने ‘न’ ऐकायला लागल्यावर चुका निम्म्यावर आल्या.

एक सावधगिरी मराठी मंडळींसाठी: ‘कुलेसीने’ ऐकून आपल्याला तृतीया वाटते. ती चतुर्थी आहे, ‘कडे’च्या अर्थाची. आणि खऱ्या तृतीयेला, म्हणजे ‘-ने, -सह’ला, ‘न’ लागतच नाही: ‘त्युर्क काह्वेसीय्ले’, तुर्की कॉफीसोबत. हा अपवाद मी भिंतीवर लिहून लावलाय.

शनिवारी आणखी एक गाठ सुटली. माझी तुर्की कॉफी म्हणायची तर ‘काह्वेसीम’ नव्हे, ‘त्युर्क काह्वेम’. ‘माझी’चा ‘म’ आला की ‘सी’ जागा सोडते. एका नामावर मालकीच्या दोन खुणा राहत नाहीत. अनेकवचनात ‘लेर’ आधी, मालकीची खूण नंतर: ‘ओकुल बाह्चेलेरी’.

पुढच्या आठवड्यात तीन नामांच्या साखळ्या. ‘इस्तांबूल युनिवेर्सितेसी’ला ग्रंथालय जोडून, मग त्याला पाचही विभक्त्या लावून बघायच्या आहेत.