आधी दार, मग घर

जुना वाडा पाडायला काढला की सगळ्यात आधी पोचतात ते जुन्या लाकडाचे व्यापारी. दारं, खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या उतरवून नेतात आणि वखारीत भिंतीला टेकवून ठेवतात. अशा वखारींतून हिंडायचा नाद लागला की कागदावरचा नकाशा फार दिवस टिकत नाही. रत्नागिरीजवळ आमचं घर उभं राहतंय ते असंच. आधी सागवानी दार आलं, मग त्याच्या मापाने भिंत. दार जेमतेम साडेपाच फुटी. उंच पाहुण्यांनी वाकून यावं, पूर्वी सगळेच यायचे.

भिंती चिऱ्याच्या. खाणीतून निघताना मऊ असलेला हा दगड हवा लागली की कडक होतो. कौलं एका पाडलेल्या शाळेची, मंगळुरी. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं किनाऱ्याने पसरली. ती छपरावर चढवून जी उरली, ती स्लॅबमध्ये जाणार. ही युक्ती वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुळवली. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. त्याच्या जागी कौल ठेवलं की सिमेंट वाचतं.

सुतारकाका मात्र वैतागलेत. रंधा मारण्याआधी ते तुळईवरून लोहचुंबक फिरवतात. खिळा लागला की आधी शिवी, मग पक्कड. निघतो तो लोहाराने ठोकलेला चौकोनी खिळा, बोटभर लांब.
“ताई, नवं लाकूड घेतलं असतंत तर एव्हाना छप्पर चढलं असतं.”
खरंच आहे. पण तुळईतल्या जुन्या खाचा बुजवायच्या सोडून त्यांनीच तिथे वासे अडकवले आणि नकाशात नसलेला पोटमाळा आम्हाला मिळाला!

‘स्वस्तात पडलं असेल’ असं जो तो म्हणतो. छे! सामानात वाचलं ते मजुरीत गेलं. पण ते गावातल्याच हातांत गेलं, त्याचं मला काही वाटत नाही. सिमेंटवाल्याने तरी काय केलं असतं त्या पैशांचं?

मागच्या भिंतीला लागणाऱ्या दोन खिडक्या अजून सापडल्या नाहीत. गवंडी रोज माप मागतो. मी त्याला सांगते, एखादा वाडा पडू दे, मग सांगते.