तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बशा वापरत का नाही?

पाहुणे येतात, कपाटाच्या काचेतून बघतात आणि हमखास विचारतात, "एवढ्या जपानी बशा जमवल्यास, मग वाढायला का घेत नाहीस?" माझं पाठ झालेलं उत्तर आहे: जुन्या कामात वरून चढवलेल्या रंगांत शिसं असतं. ते खरंच असतं. पण कारण ते नाही.

क्योतोत नोकरीला होते तेव्हा तोजी देवळात दर २१ तारखेला भरणाऱ्या बाजारात मी एक इमारी बशी घेतली, दीड वीत रुंद. इमारी हे बंदराचं नाव, माल जवळच्या आरिता गावचा. बुडाशी चीनच्या मिंग राजवटीचा शिक्का. लगेच "नकली आहे" म्हणू नका. चिनी मालाला मान होता, म्हणून आरिताचे कारागीर तो सर्रास घालायचे. आपण तरी जपानी बशीला चिनीमातीचीच म्हणतो ना?

आई तीन आठवडे राहायला आली होती. एकदा कामावरून परतले तर बशी ओट्यावर पालथी, निथळत.

"किती कळकटली होती गं! घासून लख्ख केली."

शेजारी तारेची घासणी.

सुलटी केली. निळा रंग जिथल्या तिथे होता. तो झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली असतो, तिच्याबरोबरच १३०० अंशांच्या आसपास भाजलेला. लाल आणि सोनेरी मात्र नंतर झिलईवर चढवतात, कमी आचेवर. सोनं पार गेलं होतं, शेवंतीच्या पाकळ्यांवर लाल नुसता डाग उरलेला. पानं होती, फुलं नव्हती.

आईला काय काय बोलले ते लिहिणार नाही. "किंमत माहितीये का तुला?" एवढं तरी होतंच. ती गप्प राहिली. मग उरलेले दिवस तिने एका भांड्याला हात लावला नाही. स्वतःचा चहाचा कपसुद्धा तसाच सिंकमध्ये ठेवायची.

तेव्हा मी स्वतःला बजावत होते की ही बघायची वस्तू, वापरायची नव्हेच. साफ खोटं. बशीच्या मधोमध बारीक चरे मी घेतली तेव्हाही होते, म्हणजे माझ्याआधी कुणीतरी तीत जेवलंच होतं. मग आईचं काय चुकलं? घासणी चुकली. याहून जास्त मी आजही कबूल करणार नाही.

आणि एक बशी वापरते हं. मेजी काळातली (१८६८ ते १९१२), कागदी साच्यावरून नक्षी उठवलेली, स्वस्तातली निळी-पांढरी. आई आली की तीत पोहे देते. खाऊन झालं की ती बशी माझ्या हातात ठेवते.

"ही तूच धू."