तुम्ही विचारलंत म्हणून: 25 वॅट की 60 वॅट?

“नुकतीच सुरुवात करतोय, सोल्डरिंग आयर्न कितीचं घेऊ? 25 वॅट की 60 वॅट?” हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच नीट लिहून टाकलेलं बरं.

वॅटवरून बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, किती तापणार ते कळत नाही. गेलेली उष्णता आयर्न किती लवकर भरून काढू शकेल, एवढंच कळतं. साध्या 25 वॅटच्या आयर्नमध्ये तापमान मोजणारं काहीच नसतं. स्टँडवर नुसतं पडलं की ते तापतच राहतं, अगदी 400 अंशांच्या घरात जातं, आणि मोठ्या सांध्याला टेकलं की गार पडतं. सेन्सर असलेल्या आयर्नला 340 वर लावलं, तर ते 340 वर राहण्यासाठी हवी तेवढी वीज ओढतं.

“कमी वॅटचं घ्या, बोर्ड जळणार नाही,” हा सल्ला पूर्वी मीही देत असे. तो चुकीचा होता. का, ते एका सांध्यावर दिसतं.

दोन बाजूंना तांबं असलेल्या सर्किट बोर्डवर डीसी जॅक, म्हणजे अडॅप्टरची पिन घालायचं सॉकेट, बसवायचाय. पॉझिटिव्हची पिन दोन सेकंदांत होते. ग्राउंडची पिन मात्र बोर्डभर पसरलेल्या तांब्याला जोडलेली असते. बिट टेकताच ते तांबं उष्णता ओढून घेतं आणि 25 वॅटला ती भरून काढता येत नाही. सोल्डर वायर बिटवर वितळते, पण पिनेला धरत नाही, गोळा होऊन बसते. मग माणूस दाबतो. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा. तोवर वायरमधला फ्लक्स, म्हणजे सोल्डर पसरायला मदत करणारा पदार्थ, जळून गेलेला असतो, त्यामुळे सोल्डर आता मुळीच पसरत नाही. साध्या एफआर-4 (काचतंतू आणि रेझिनच्या) बोर्डचं रेझिन 130 ते 140 अंशांनाच मऊ पडू लागतं, तर 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) पूर्ण वितळायला 190 अंश लागतात. म्हणजे प्रत्येक सांध्यात बोर्ड थोडं मऊ पडणारच. किती वेळ, हाच प्रश्न. त्यात वरून दाब, आणि जॅक सरळ करायला दिलेला एक हिसका. पॅड, म्हणजे पिनेभोवतीची तांब्याची चकती, बोर्डवरून उचललं जातं, कधी भोकातला तांब्याचा थरही पिनेबरोबर बाहेर येतो. मग निष्कर्ष निघतो: आयर्न फार गरम होतं. नाही! त्याच्याकडे पुरेशी उष्णता नव्हती, म्हणून ते फार वेळ टेकवावं लागलं. 350 अंशांवरचं रुंद बिट हेच काम तीन-चार सेकंदांत करतं.

रुंद म्हणजे 2.4 मिलिमीटरचं छिन्नीच्या आकाराचं. सोबत येणारं सुईसारखं टोक बारीक कामाचं वाटतं, पण ते पिनेला जेमतेम एका बिंदूवर टेकतं. उष्णता जाणार कुठून? आणि बिटला कानस लावू नका. तांब्यावरचा लोखंडाचा थर गेला की सोल्डरमधलं कथील आतलं तांबं खात जातं आणि बिटला खड्डे पडतात. पितळी जाळीत पुसा, बंद करण्याआधी टोकाला भरपूर सोल्डर लावून ठेवा.

“महागडंच घ्यायला लावता,” असं म्हणतात. मी हाको कंपनीचं सोल्डरिंग स्टेशनच घ्या असं म्हणत नाही. पाइनसिल किंवा टी12 प्रकारच्या बिटवर चालणारं, सेन्सर असलेलं छोटं आयर्न छंदाला पुरतं. फक्त पॉवर सप्लाय बघा. पाइनसिलला चालणाऱ्या टीएस100 प्रकारच्या बिटचा रोध साधारण 8 ओहम असतो, आणि व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागलं की वॅट मिळतात. म्हणजे 12 व्होल्टला 18 वॅट, 20 व्होल्टला 50, आणि 24 व्होल्टला 72. कमी व्होल्टेजच्या मोबाइल चार्जरवर लावून “हे तापतच नाही” अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा. दोन पिनांच्या अडॅप्टरवर बिटला अर्थिंग मिळत नाही. मॉसफेटसारखा नाजूक ट्रान्झिस्टर लावताना अर्थिंगची वायर वेगळी जोडा.

हे सगळं खरं असूनही एक गोष्ट नाकारता येत नाही. जनरल पर्पज बोर्डवर एलईडी आणि रेझिस्टर लावायला 25 वॅटचं आयर्न चांगलं चालतं, आणि कित्येकांचा हात त्याच्यावरच बसलाय. शाळेतल्या मुलानं पैसे साठवत वर्षभर थांबावं, की पुण्याच्या तपकीर गल्लीतून साधं आयर्न आणून आजच सुरू करावं? बहुतेक वेळा मी “आजच” म्हणतो. मग ग्राउंडच्या पिनेवर पॅड उचललेल्या बोर्डचा फोटो येतो, आणि आपण त्याला थांबायला सांगायला हवं होतं असं वाटतं.