किरकोळ खर्च

मे महिन्याची अखेर. अण्णा ओटीवर पेपर वाचत बसलेले आणि पुण्याहून आलेली माझी लेक झोपाळ्यावर कोल्ड कॉफी पीत होती. रत्नागिरीच्या बाजारातून आणलेली, १५० रुपयांची. किंमत कळली आणि अण्णांना नेमका हवा तो लेख सापडला. मोठ्याने वाचायला लागले: आजची पिढी पगार खाण्यापिण्यात उडवते, मग घर कुठून होणार वगैरे.

लेकीने फोनवर आकडे टाकले. "रोजची कॉफी सोडली तर वर्षाला ५४,७५० वाचतात, आजोबा. ४० लाखांच्या फ्लॅटला ७३ वर्षं."

"व्याज धरलं नाहीस."

"फ्लॅटची किंमत वाढते, तीही नाही धरली."

अण्णांना ७३वं चालू आहे. गप्प बसले, पाचच मिनिटं, पण बसले.

हा लेख दर दोन-चार महिन्यांनी कुठे ना कुठे येतोच. २०१६ साली ऑस्ट्रेलियात बर्नार्ड सॉल्ट या स्तंभलेखकाने २२ डॉलरच्या अव्होकाडो टोस्टवर लिहिलं. खरं तर ते उपदेश करणाऱ्या प्रौढांचीच थट्टा करत होते, पण थट्टा बाजूला राहिली आणि टोस्ट तेवढा जगभर गाजला. पुढच्या वर्षी टिम गर्नर नावाचे तिथले बिल्डर टीव्हीवर म्हणाले की पहिलं घर घेताना आपण १९ डॉलरचा अव्होकाडो आणि चार-चार डॉलरच्या चार कॉफ्या घेत नव्हतो. घरं बांधून विकणाऱ्यानेच हे सांगावं, याचं मला अजून हसू येतं. आमच्याकडे अव्होकाडो नाही, एवढाच फरक. अण्णा हॉटेलात चहा प्यायले म्हणून त्यांच्या वडिलांनी तर त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. हे मला आजीने सांगितलं. अण्णा सांगत नाहीत.

संध्याकाळी अण्णांबरोबर मासळी घ्यायला मिरकरवाडा बंदरावर गेलो. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे मेअखेरीला भाव करायची सोयच नसते. अण्णांनी सुरमई उचलली, कल्ला उघडून लाल आहे ना बघितलं, शेपटीकडे बोटाने दाबलं. मासेवालीने १८०० सांगितले. कॉफीवर तासभर बोललेला माणूस चकार शब्द न काढता नोटा मोजायला लागला. वर "तुकड्या जाड काप गो," एवढंच. आमच्या घरात मासळीला खर्च म्हणतच नाहीत.

अण्णांची हिशेबाची डायरी आहे, बँकेकडून दरवर्षी फुकट मिळते ती. दूध, लाइटबिल, औषधं, सगळं पैशापैशाने लिहिलेलं. त्या दिवशीच्या पानावर शेवटची ओळ होती: "किरकोळ – १८००."

रात्री लेकीने तव्यावरची तुकडी ताटात घेता घेता विचारलं, "आजोबा, किती पडली?"

"काटे बघून जेव," अण्णा म्हणाले.