कोंबडा, कुरडू आणि उसाचा तुरा: आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागात आमचं फुलांचं दुकान सुरू झालं ते हारांवर. हार सगळेच करतात. नाव झालं ते तुऱ्याच्या मालामुळे: तुऱ्याचा कोंबडा (कोंबडा नावाचं फूल), कुरडू, लोंबता राजगिरा, गोल्डन रॉड (बारीक पिवळी फुलं), शतावरीचा पाला आणि हंगामात उसाचा तुरा. मखरात गुलाब-जरबेरा कितीही भरा, सगळं गोल-गोलच दिसतं. मधे भुरभुरीत काहीतरी गेलं की मांडणीला अंग येतं. मंडईतले काही जण आम्हाला ‘गवतवाले’ म्हणायचे. पुढे त्यांनीच कोंबडा ठेवायला सुरुवात केली, हेही नोंदवून ठेवतो.

पहिल्या दहा-बारा वर्षांत सांगण्यासारखं फारसं काही नाही. गणपती, दसरा, लग्नसराई, पुन्हा गणपती.

२०१९ चं मात्र सांगायलाच हवं. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दुकानात पाणी. माळ्यावर उलटा टांगून वाळवलेल्या मालापर्यंत पाणी पोचलं नाही, तरी तो गेलाच, कारण वाळलेला तुरा हवेतली ओल ओढतो आणि आतून काळी बुरशी धरतो. वरून चांगला दिसतो, देठाशी हात लावला की पीठ होतं. डिग्रजकडचे कोंबड्याचे वाफे गाळाखाली. पाणी तुंबलं की कोंबड्याला मूळकूज होते, त्यामुळे पूर ओसरल्यावर उभं दिसलेलं झाडही चार दिवसांत मान टाकतं. आणि गणपती २ सप्टेंबरला.

नेमक्या त्याच वेळी बाहेरगावचा एक डेकोरेटर सांगलीत उतरला. प्लॅस्टिकचा पॅम्पस (गवताचा मोठा तुरा), थर्माकोलची कमान, वर लाइटिंग. आमच्याशी बांधलेली दोन मंगल कार्यालयं त्याने घेतली. धंदा आहे, घेऊ दे. पण मॅनेजरला त्याने सांगितलं की खरा तुरा झडतो, जेवणाच्या ताटात पडतो. हे आजही डोक्यातून जात नाही.

तुरा झडतो तो उशिरा कापलेला. उसाचा तुरा शेंड्याच्या पानातून जेमतेम बाहेर आलेला, रेशमी आणि रुपेरी-जांभळट असतानाच घ्यायचा. पांढरा होऊन फुलला की बी सुटायच्या तयारीत असतं, मग तो उडणारच. पॅम्पसचंही तेच. (उसाला तुरा आला की शेतकऱ्याचं तोंड उतरतं, वाढ थांबते, कांडी दशी पडते, म्हणजे आतून भुसभुशीत होते. आम्ही त्याच बांधावर कोयता घेऊन हजर, म्हणून आधी विचारून घ्यावं.) वाळल्यावर हातभर अंतरावरून हेअरस्प्रेचा हलका हात द्यायचा, तोही उघड्यावर आणि समईपासून लांब. कोंबड्याचं मात्र उलट: कापल्यावर तो पुढे फुलत नाही, म्हणून पूर्ण भरल्यावरच कापायचा. परीक्षा सोपी आहे. तुरा पांढऱ्या कागदावर झटकावा. चकचकीत काळं बी पडलं तर तो बियाण्याला ठेवावा, गिऱ्हाइकाला देऊ नये.

त्या वर्षी तारलं दोघांनी. एक आरगेचे अण्णा. त्यांचं रान पूर्वेकडचं, माळाचं, तिथे पूर नव्हता. बांधावर कुरडू माजलेला, लोक ज्याची कोवळी भाजी करतात तोच. खालचा भाग पांढरा पडायच्या आत, शेंड्याला गुलाबी असताना कापला तर कुरडू दिवसभर टवटवीत राहतो आणि न टांगताही वाळतो. अण्णांनी पैसे दिवाळीनंतर घेतले. दुसऱ्या म्हणजे गावभागातल्याच एक वहिनी. गौरीची आरास पहिल्या वर्षापासून आमच्याकडे. त्यांच्या घरातही पाणी शिरलं होतं. निरोप एवढाच आला, ‘असेल ते आणा, प्लॅस्टिक नको.’ कुरडू, शतावरी आणि शेवंती एवढ्यावर गौरी उभ्या राहिल्या. ती आरास बघून गल्लीतली आणखी चार घरं आली. २०२० चं सगळ्यांचंच सारखं, ते सोडून देतो.

आता न विचारता थोडं. भाद्रपदातला कोंबडा पाऊस पिऊन येतो. झटकून तासभर पंख्याखाली उलटा टांगावा, नाहीतर तुऱ्यात आतून सड लागते. वरून पाणी कधीच फवारू नये. लाल कोंबड्याचा रंग पाण्यात उतरतो. गौरीच्या साडीला ओला तुरा टेकला की डाग पक्का. पानं सगळी काढावीत, ती फुलाआधी सुकतात आणि मांडणी शिळी दिसते.

फुलं खोचायची फोमची वीट पाण्यावर नुसती सोडावी. मिनिटभरात ती आपली आपण बुडते. हाताने दाबली की मधे हवा अडकते आणि तेवढी जागा कोरडी राहते. कोंबड्याचा देठ जाड, एकदा खोचला की उपसून त्याच भोकात घालू नये, खाली पोकळी राहून देठ पाणी घेत नाही. विटेवर तारेची कोंबडी-जाळी (खुराड्याला लावतात ती) ताणली तर वजनाने फोम फाटत नाही. दोन फुटी मांडणीला आम्ही पाच कोंबडे, राजगिऱ्याच्या तीन लोंब्या, पंधरा-वीस कुरडू आणि गोल्डन रॉडची एक जुडी धरतो. त्यापेक्षा तुरा वाढला की केरसुणी दिसते. प्रकाश मागून यावा, तुरा उजळतो. पण हॅलोजनजवळ वाळका माल लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. तो क्षणात पेटतो.

त्या डेकोरेटरने परवा आमच्याकडे कोंबडा मागितला. दिला, रोख घेऊन.

यंदा गौरीला कोंबडा हवा असेल त्यांनी ज्येष्ठातच सांगावं. बी टाकल्यापासून तुरा भरायला तीन महिने लागतात. रोप ट्रेमध्ये महिन्याहून जास्त अडकलं तर वीतभर उंचीवरच तुरा धरतं, आणि तो देठ फुलदाणीलाही पुरत नाही. श्रावणात फोन केला तर कुरडूच मिळेल.